चारचाकी वाहनाची उंची वाढविताना नियंत्रक भुजांची निवड : मुंबई उपनगरांतील वापराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

दुर्गम वाटांसाठी बनविलेल्या चारचाकी वाहनाची उंची वाढविणे म्हणजे उंच स्प्रिंगा बसविणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात उंची वाढताच चाकांना चासीशी जोडणाऱ्या नियंत्रक भुजांचे कोन बदलतात आणि त्यांच्याबरोबर स्टिअरिंगचा स्थिरपणा, प्रोपेलर शाफ्टचे आयुष्य व टायरची झीज यांवरही परिणाम होतो. प्रस्तुत लेखात या बदलांमागील भूमिती, वाहनाच्या रचनेनुसार भुजांची निवड, बुश व जोडांचे प्रकार, जोडणीतील दक्षता आणि कायदेशीर मर्यादा यांचे विवेचन केले आहे. मुंबईच्या उपनगरांतील वाहन वर्षातील बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावरच धावते. म्हणून भुजांची निवड डोंगरातील एका दिवसापेक्षा महामार्गावरील उरलेल्या दिवसांचा विचार करून व्हावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवसाची आठवण उपनगरांतील वाहनधारकांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. आजही जोराचा पाऊस झाला की अंधेरी व मिलन सबवेमध्ये पाणी साचते; पावसाळ्याच्या अखेरीस रस्त्यांची चाळण होते; वसाहतींच्या अंतर्गत रस्त्यांवर मनमानी उंचीचे गतिरोधक असतात. उंच गाडी हवी, ही इच्छा या परिस्थितीतून निर्माण होणे स्वाभाविक आहे. तिला दुसरीही बाजू आहे. मुलुंड वा घाटकोपरहून पूर्व द्रुतगती महामार्गाने निघाल्यास कसाऱ्याचा घाट ओलांडून इगतपुरीच्या डोंगरवाटा गाठता येतात. बोरिवलीकरांना घोडबंदरमार्गे सह्याद्री जवळ आहे. सुट्टीच्या दिवशी चिखल-दगडांतून गाडी हाकण्याचा छंद त्यामुळे या उपनगरांना परका नाही.

या छंदाची परंपराही मुंबईचीच म्हणता येईल. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कांदिवली पूर्वेचा तिचा कारखाना उपनगराच्या औद्योगिक ओळखीचा भाग बनला. त्या जुन्या जीपला नियंत्रक भुजाच नव्हत्या, ही बाब मात्र आज अनेकांच्या लक्षात येत नाही. जीपच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या मिळालेले गॅरेजचे ज्ञान आजच्या वाहनाला जसेच्या तसे लावले की चूक होते, ती येथेच.

२. नियंत्रक भुजेचे कार्य

वाहनाचे वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगची हालचाल शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवरतो. परंतु चाक नेमके कोठे असावे, ते वर-खाली होताना कोणत्या मार्गाने जावे आणि ब्रेक लावल्यावर वा इंजिनाचा जोर आल्यावर ते मागेपुढे का सरकू नये, हे ठरविण्याचे काम नियंत्रक भुजेचे असते. गॅरेजच्या बोलीत तिला नुसते 'आर्म' म्हणतात. तिचे एक टोक चासीला आणि दुसरे अ‍ॅक्सलला किंवा चाकाच्या नकलला जोडलेले असते. दोन्ही टोकांना रबरी बुश किंवा बॉल जॉइंट असल्यामुळे भुजा बिजागरीप्रमाणे फिरते.

जुन्या जीपमध्ये ही दोन्ही कामे पाटे करीत. पोलादी पाट्यांची कमान वजनही पेलत असे आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवत असे. कॉइल स्प्रिंग आल्यावर हे श्रमविभाजन झाले. कॉइल केवळ वजन पेलू शकते. अ‍ॅक्सलला जागेवर धरण्याचे सामर्थ्य तिच्यात नसते. म्हणून कॉइलबरोबर भुजा अपरिहार्य ठरल्या. याचा अर्थ असा की, आधुनिक वाहनात कॉइल बदलून उंची वाढविताना मालकाने प्रत्यक्ष हात लावलेला नसला तरी भुजांचे काम बदललेले असते.

३. उंची वाढल्यावर होणारे बदल

३.१ वाढलेली उंची नेमकी कोणाची?

ज्या वाहनात डावे व उजवे चाक एकाच अखंड अ‍ॅक्सलने जोडलेले असते, तेथे उंच स्प्रिंगा बसविल्याने चासी व तिच्यावरील सांगाडा वर जातो. अ‍ॅक्सल आणि त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून पूर्वीइतक्याच अंतरावर राहतो. वाटेतील दगडाला प्रथम लागणारा भाग बहुधा हा गोळाच असतो. तो वर नेण्याचा मार्ग एकच, व तो म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर. त्यातही व्यास ५० मिमी वाढविल्यावर गोळा २५ मिमी वर जातो. उंच स्प्रिंगांचा खरा लाभ म्हणजे मोठ्या टायरसाठी जागा मिळणे, चढउताराच्या तोंडाशी बंपर न घासणे आणि चाकाला खालीवर होण्यास अधिक वाव मिळणे. लाभाचे हे स्वरूप आधीच स्पष्ट झाले, तर किती उंची हवी या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक वेळा लहान होते.

३.२ त्रिकोणमितीचा हिशेब

भुजेची लांबी ठरलेली असल्यामुळे तिचे अ‍ॅक्सलकडील टोक वर्तुळाच्या कंसावर फिरते. समजा भुजा ५०० मिमी लांब असून मूळ स्थितीत आडवी आहे. वाहन ५० मिमी उचलल्यास ती सुमारे ५.७ अंशांनी कलते आणि अ‍ॅक्सल चासीच्या बाजूस सुमारे २.५ मिमी ओढला जातो. उंची १०० मिमी केल्यास कल ११.५ अंश होतो आणि ओढ सुमारे १० मिमी होते. उंची दुप्पट झाली तर ओढ जवळजवळ चौपट होते. प्रत्यक्षात बहुतेक भुजा मूळ स्थितीतही थोड्या कललेल्या असतात, त्यामुळे ओढ याहूनही अधिक असते. थोडी उंची निर्धोक वाटते आणि त्याच अनुभवावर विसंबून आणखी थोडी वाढविली की वाहन एकाएकी बिघडल्यासारखे वागू लागते, त्याचे कारण या वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या ओढीत आहे.

३.३ कॅस्टर कोनाचा ऱ्हास

पुढील चाक ज्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळते, तो अक्ष वरच्या बाजूस किंचित मागे कललेला असतो. या कलास कॅस्टर कोन म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा ज्या कारणाने तिरका असतो, त्याच कारणाने हा कोन आवश्यक आहे. त्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते आणि वेगातही वाहन सरळ रेषेत राहते. उंची वाढल्यावर पुढील अ‍ॅक्सल वरच्या बाजूने पुढे झुकतो व कॅस्टर कमी होतो. अशी गाडी ताशी ३० किमी वेगाने वसाहतीत चालविताना काहीच जाणवत नाही. किंबहुना स्टिअरिंग हलके झाल्याचे समाधान वाटते. तीच गाडी पश्चिम द्रुतगती महामार्गावर ताशी ८० किमी वेगाने धावताना भरकटू लागते आणि चालकाला सतत स्टिअरिंग सावरावे लागते. बुश वा जोड सैल असतील, तर एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने पुढील चाकांची तीव्र थरथर सुरू होते व वेग बराच कमी केल्याशिवाय ती थांबत नाही. स्टिअरिंग डॅम्पर बसवून ही थरथर झाकता येते, परंतु तिचे मूळ कोनात व सैलपणात राहते.

३.४ आडवा दांडा व प्रोपेलर शाफ्ट

अखंड अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून चासी व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एक आडवा दांडा असतो, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. तोही कंसावर फिरत असल्याने उंची वाढताच अ‍ॅक्सल एका बाजूस सरकतो. समायोज्य लांबीचा दांडा बसवून अ‍ॅक्सल पुन्हा मध्यावर आणता येतो. पुढील बाजूस हा दांडा आणि स्टिअरिंगची ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर असणे आवश्यक आहे. त्यांपैकी एकाचाच कोन बदलल्यास प्रत्येक खड्ड्यागणिक स्टिअरिंग आपोआप वळते.

मागील बाजूस प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल, तर दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात. अन्यथा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वेग कमीजास्त करतो आणि कंपने निर्माण होतात. ही समता साधण्यासाठी अ‍ॅक्सल किंचित फिरवावा लागतो व तो फिरविण्याचे साधन पुन्हा नियंत्रक भुजाच होय.

३.५ जे भुजांनी सुधारत नाही

वाहन उलटण्याचा धोका चाकांमधील आडवे अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. आडवे अंतर १५०० मिमी व गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर असल्यास, अर्ध्या अंतरास उंचीने भागून १.०७ हा स्थिरता गुणांक मिळतो. गुरुत्वमध्य ६० मिमी वर गेल्यास तो ०.९९ इतका उतरतो. कितीही महाग भुजा बसविल्या तरी हा आकडा सुधारत नाही. उंचीवर मर्यादा घालणे, हाच त्यावरील उपाय आहे.

४. वाहनाच्या रचनेनुसार निवड

भुजा निवडण्यापूर्वी आपल्या वाहनाची रचना कोणत्या प्रकारची आहे, हे जाणून घेणे ही पहिली पायरी होय. भारतात प्रचलित असलेल्या वाहनांचे या दृष्टीने चार गट पडतात.

४.१ पाट्यांची वाहने

जुन्या जीप आणि मारुती जिप्सी या गटात मोडतात. येथे भुजाच नसल्यामुळे त्यांच्या निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. उंची पाटे, शॅकल किंवा अ‍ॅक्सलवरील पाट्यांची जागा बदलून वाढविली जाते आणि बिघडलेला कॅस्टर पाटा व अ‍ॅक्सल यांमध्ये पाचर घालून सुधारला जातो.

४.२ स्वतंत्र पुढील चाकांची वाहने

२०१० मध्ये आलेल्या महिंद्र थारमध्ये पुढे टॉर्शन बार असलेली स्वतंत्र रचना व मागे पाटे होते. टॉर्शन बारचा बोल्ट पिळून पुढची उंची वाढविण्याची युक्ती स्वस्त असल्याने लोकप्रिय झाली. तीत चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही; खाली जाण्याचा वाव तेवढा खर्ची पडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या थारमध्ये पुढे वर-खाली दोन भुजा व कॉइल, तर मागे अखंड अ‍ॅक्सल, बहुदांडी जोडणी व कॉइल अशी रचना आहे. तिची मूळ भूमुक्तता २२६ मिमी आहे.

दोन भुजांच्या रचनेत कॉइलच्या वरच्या टोकाशी पॅकिंग घालून उंची वाढविता येते. कॉइल खालच्या भुजेच्या मध्याजवळ टेकत असल्यामुळे पॅकिंगच्या जाडीपेक्षा वाहन अधिक उचलले जाते. कॉइल भुजेच्या लांबीच्या ६० टक्के अंतरावर असेल, तर २५ मिमी पॅकिंगने सुमारे ४२ मिमी उंची वाढते. त्याच वेळी चाक पूर्वीपेक्षा अधिक खाली लोंबू शकते. परिणामी वरच्या भुजेचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेला टेकतो, भुजा कॉइलला घासू लागते आणि चाकाकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टचे सांधे तीव्र कोनात फिरून लवकर झिजतात.

या गटात प्रामुख्याने वरची भुजा बदलावी लागते. नव्या भुजेत बॉल जॉइंट तिरका बसविलेला असतो, जेणेकरून वाढलेल्या उंचीवर तो आपल्या फिरण्याच्या मध्यावर येतो. तसेच त्याची जागा किंचित मागे घेतलेली असते, त्यामुळे गेलेला कॅस्टर परत मिळतो. भुजा निवडताना ती कॉइलपासून दूर राहते का, बॉल जॉइंट बाजारात सुटा मिळतो का आणि त्यावरील रबरी टोपी चिखलाला रोखते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. हाफ शाफ्टच्या कोनावर वरची भुजा उपाय ठरत नाही. त्यामुळे या गटात उंचीची व्यवहार्य मर्यादा मुळातच कमी असते.

४.३ रेडियस भुजेचा अखंड अ‍ॅक्सल

जून २०२३ मध्ये भारतात आलेली पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी हे या गटाचे सुलभ उदाहरण होय. तिच्या पुढील अखंड अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूस एकेकच भुजा असून ती अ‍ॅक्सलला दोन बुशांनी घट्ट धरते. त्यामुळे भुजा जितकी कलते तितकाच अ‍ॅक्सलही फिरतो. ७५० मिमी लांबीची अशी भुजा गृहीत धरल्यास ५० मिमी उंचीला तिचा कल सुमारे ३.८ अंश होईल आणि मूळ कॅस्टर ४ अंश असेल तर तो जवळजवळ संपुष्टात येईल.

येथे तीन पर्याय संभवतात. पहिला, भुजा मूळचीच ठेवून भोक मध्यापासून सरकविलेले बुश बसविणे. कमी उंचीसाठी व कमी खर्चात हा पर्याय पुरतो. दुसरा, चासीकडील सांधा खाली आणणारे ब्रॅकेट लावणे. तिसरा, आवश्यक तो कोन मुळातच घडविलेली नवी भुजा बसविणे. सुमारे ५० मिमीपर्यंत पहिला पर्याय तपासून पाहावा आणि अपेक्षित कॅस्टर मिळत नसेल तरच पुढे जावे.

४.४ चार दांड्यांचा अखंड अ‍ॅक्सल

२०२१ पासून पुण्याजवळील रांजणगाव येथे जुळणी होणारी जीप रँग्लर या गटातील आहे. पुढील अ‍ॅक्सलला दोन वरच्या व दोन खालच्या भुजा असतात. त्या समान लांबीच्या व समांतर असत्या, तर उंची वाढल्यावर अ‍ॅक्सल केवळ मागे ओढला गेला असता, फिरला नसता. प्रत्यक्षात वरच्या व खालच्या भुजा समान नसल्यामुळे अ‍ॅक्सल थोडा फिरतोही. खालच्या भुजा लांब केल्यास अ‍ॅक्सल पुढे येतो व कॅस्टरही वाढतो. म्हणून केवळ खालच्या भुजा बदलणे हा सर्वाधिक वापरला जाणारा पर्याय आहे.

यात एक तिढा आहे. कॅस्टर वाढविण्यासाठी अ‍ॅक्सल फिरविला की डिफरन्शियलचे शाफ्टकडील तोंड खाली झुकते आणि पुढील प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णत्वाने मिळत नाहीत. रोज महामार्गावर चालणाऱ्या वाहनात कॅस्टरला प्राधान्य द्यावे, असा व्यवहार्य संकेत आहे. मागील अ‍ॅक्सलला कॅस्टरचा प्रश्न नसल्याने तेथे भुजांची लांबी शाफ्टच्या कोनावरून ठरवावी.

५. ठरावीक, समायोज्य की लांब भुजा?

ठरावीक लांबीची भुजा विशिष्ट उंचीसाठी घडविलेली असते. तिच्यात सैल होण्याजोगा भाग नसतो. मात्र उंची पुढे बदलल्यास ती निरुपयोगी ठरते. समायोज्य भुजेत आटे असतात. ती फिरवून लांबी कमीजास्त करता येते आणि चेकनट घट्ट करून कायम करता येते. एका टोकाला डावे व दुसऱ्या टोकाला उजवे आटे असलेली भुजा गाडीवरून न काढताच समायोजित करता येते. परंतु चेकनट सैल झाल्यास आटे हादरून झिजतात. आट्यांचा आत गुंतलेला भाग किमान त्यांच्या व्यासाइतका, शक्य तो दीडपट असावा.

चासीकडील सांधा खाली आणणारे ब्रॅकेट भुजेचा मूळ कोन जवळजवळ पूर्ववत करते. गतिरोधकावरून जाताना याचा लाभ स्पष्ट जाणवतो; कारण भुजा तीव्र कोनात असल्यास पुढील अ‍ॅक्सल वर उचलला जाताना अडथळ्याच्या दिशेने पुढेही सरकतो आणि धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचतो. रस्त्यावर अधिक चालणाऱ्या वाहनास ब्रॅकेट म्हणूनच सोयीचे ठरते. दगडांच्या वाटेवर मात्र तेच ब्रॅकेट खाली लोंबून अडकते.

लांब भुजेच्या संचात चासीवरील सांधा बराच मागे नेला जातो. १०० मिमी उंचीला ५०० मिमी भुजेचा कल ११.५ अंश होतो, तर ९०० मिमी भुजेचा ६.४ अंशच राहतो. भूमितीच्या दृष्टीने हा पर्याय सरस आहे. परंतु त्यासाठी चासी कापावी वा जोडावी लागते, खर्च मोठा असतो आणि कायद्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. उपनगरात राहून अधूनमधून डोंगरात जाणाऱ्या वाहनास त्याची गरज क्वचितच पडते.

६. बुश, सांधे व धातू

भुजेच्या टोकाशी काय आहे, हे भुजेइतकेच महत्त्वाचे असते. रबरी बुश हादरे शोषतो, सर्व दिशांना थोडा वळतो व त्याला ग्रीस लागत नाही. पॉलियुरेथेनचा बुश अधिक कठीण असतो. स्टिअरिंगचा प्रतिसाद त्याने सुधारतो, परंतु तो आवाज करतो व वेळोवेळी ग्रीस मागतो. रेडियस भुजेत तर अ‍ॅक्सलला तिरके होण्यासाठी बुशाच्या लवचीकतेवरच अवलंबून राहावे लागते. तेथे कठीण बुश घातल्यास चाकाचा वावच कमी होतो आणि उंची वाढविण्याचा हेतू हरतो. गोलाकार धातूचा सांधा सर्वाधिक वळतो. मात्र चिखल, पावसाचे पाणी आणि समुद्राकाठची खारी हवा यांत तो लवकर झिजतो व खडखडू लागतो. मुंबईच्या हवामानात रोजच्या वापरासाठी दोन्ही टोकांना रबर, अथवा चासीकडे गोलाकार सांधा व अ‍ॅक्सलकडे रबर, हा समतोल योग्य ठरतो.

धातूच्या बाबतीत पत्रा दाबून बनविलेली मूळ भुजा दुबळी असते, असे समजण्याचे कारण नाही. ती तिच्या मूळ कोनासाठी पुरेशी असते. जाड नळीची भुजा दगडाच्या घावाला अधिक टिकते. साकीनाका वा भांडुपच्या लहान कारखान्यांत कुशल कारागीर आहेत आणि मूळ भुजा कापून, मध्ये तुकडा जोडून लांब करून घेण्याचा मोह त्यामुळे होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. ब्रेक लावल्यावर भुजेवर मोठा उलटसुलट भार येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू आपले गुणधर्म गमावतो आणि तेथे डोळ्यांना न दिसणारी भेग वाढत जाते. भुजा तुटली, तर ती ब्रेक लावलेल्या क्षणीच तुटण्याची शक्यता अधिक असते.

७. जोडणी व मोजणी

निवडीचा आधार अंदाज नसून मोजमाप असावे. उंची वाढविण्यापूर्वी व्हील अलाइनमेंट करून कॅस्टर, कॅम्बर व टो यांचा छापील अहवाल घ्यावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चारही अंतरे नोंदवावीत. प्रोपेलर शाफ्ट व डिफरन्शियलच्या तोंडाचे कोन मोजून ठेवावेत. नव्या स्प्रिंगा काही दिवसांत थोड्या बसतात. त्या बसल्यावर हीच मोजमापे पुन्हा घ्यावीत. दोन अहवालांतील फरक हाच कोणती भुजा लागेल याचा निर्णय देतो. २५ ते ४० मिमी उंचीला पुष्कळदा मूळच्या समायोजनातच काम भागते आणि भुजांचा खर्च वाचतो.

जोडणीतील एक चूक वारंवार घडते. गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबत असतानाच भुजांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबरी बुशाची आतली नळी त्या स्थितीत पकडली जाते. गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते व थोड्याच महिन्यांत फाटते. बोल्ट प्रथम सैल लावून, गाडी चाकांवर उभी करून, मगच निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत. ब्रेकच्या नळ्या व चाकांच्या सेन्सरच्या तारा चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. हेडलाइटचा झोत नव्याने बसवावा, अन्यथा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

८. कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल मालकास करता येत नाही. वाहनाच्या रचनेतील ज्या बदलामुळे त्याच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडतो, तो 'बदल' होय, असे स्पष्टीकरण त्या कलमातच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल अनुज्ञेय नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-क मध्ये अशा बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

झिजलेली भुजा त्याच मापाच्या भुजेने बदलणे ही दुरुस्ती आहे. चासी कापून लांब भुजा बसविणे हा रचनेतील बदल आहे. या दोहोंच्या मधल्या कामांसाठी अंधेरी, बोरिवली अथवा वडाळा यांपैकी आपल्या नोंदणीच्या परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करणे हिताचे ठरते. अपघातानंतर दाव्याच्या वेळी न कळविलेला बदल उघड झाल्यास नुकसान केवळ मालकाचे होत नाही; जखमी झालेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचाही प्रश्न गुंतागुंतीचा होतो.

९. निष्कर्ष

पहिला निष्कर्ष गरजेविषयी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची उंची १०० मिमी असते. २०० मिमीहून अधिक भूमुक्तता असलेल्या वाहनास तो ओलांडण्यासाठी उंची वाढविण्याची गरज नाही. साचलेल्या पाण्यात उघडे मॅनहोल उंच गाडीलाही दिसत नाही. उपनगरी रस्त्यांसाठी उंची वाढवावी लागते, हा समज त्यामुळे टिकत नाही. ती वाढवायचीच तर डोंगरातील छंदासाठी, आणि त्या छंदाला पुरेल इतकीच वाढवावी.

दुसरा निष्कर्ष क्रमाविषयी आहे. प्रथम वाहनाची रचना ओळखावी, नंतर उंची ठरवावी, आधीची व नंतरची मोजमापे घ्यावीत आणि त्यानंतरच भुजा निवडावी. स्वतंत्र रचनेत वरची भुजा, रेडियस रचनेत बुश वा कोन दिलेली भुजा, चार दांड्यांच्या रचनेत खालची भुजा, असा हा क्रम ढोबळमानाने सांगता येईल.

तिसरा निष्कर्ष उत्तरदायित्वाविषयी आहे. इगतपुरीच्या उतारावर गाडीत बहुधा एकटा छंदिष्ट चालक असतो आणि त्याचा वेग पायी चालण्याइतका असतो. सोमवारी सकाळी त्याच गाडीतून मुले शाळेला जातात, वृद्ध आईवडील रुग्णालयात जातात आणि शेजारच्या लेनमध्ये दुचाकीस्वार असतो. कॅस्टरचे दोन-तीन अंश अशा वेळी कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजून घेण्याची व सुधारून घेण्याची जबाबदारी उंची वाढविणाऱ्या मालकावर आणि त्याला ती वाढवून देणाऱ्या कारागिरावर समप्रमाणात येते.